माणसागणिक एक रेघ

काकांना सख्खा पुतण्या एकही नव्हता. ऑफिसात मात्र मजलेच्या मजले भरून होते. केस पिकले की माणसाचं नाव आपोआप गळून पडतं आणि त्या जागी नातं चिकटतं, त्यातलाच हा प्रकार. कोणाला त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर तो आधी त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघायला धावला असता.

कंपनी लिफ्ट बनवायची. म्हणजे पोलादी डबा, दोर, वजनं वगैरे दुसरीकडे बनायचं. इथे बनायची लिफ्टची अक्कल. आधी कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, मध्येच वीज गेली तर आतल्या माणसांचं काय करायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम. नव्या लिफ्टची अक्कल चौथ्या मजल्यावर चाळीस जण मिळून लिहायचे. जुन्या लिफ्टची अक्कल काका एकटे सांभाळायचे, तळघरातल्या एका खोलीत, जिथे पूर्वी छपाईच्या कागदाचे गठ्ठे ठेवत. विभागाचं नाव 'जुनी मॉडेल्स'. दारावर तेवढंच लिहिलं होतं आणि येणारे-जाणारे ते वाचून आत बसलेल्या काकांकडे बघून हसायचे. म्हणजे हसले असते. तिकडे येणारं-जाणारं कोणी नव्हतं.

खोलीत एक लांब टेबल, त्यावर तीन कॉम्प्युटर, आणि खुर्ची एकच, चाकांची. तीन कॉम्प्युटर ही चैन नव्हती. लिफ्टच्या डोक्यावर बसवलेली पेटी लिनक्सवर चालायची, रखवालदाराच्या समोरचा पडदा विंडोजवर, आणि दुरुस्तीला जाणाऱ्या मेकॅनिकच्या फोनमधलं अॅप मॅकवरच बनवावं लागायचं. काका सकाळी एका टोकाला बसायचे आणि टेबलाच्या पायाला लाथ मारत मारत संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचायचे. त्यांचा एवढाच प्रवास.

प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे साठवून ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. काही बिघडलं तर मागच्या बदलापाशी परत जाता येतं, आणि कोणामुळे बिघडलं हेही कळतं. बऱ्याच ऑफिसांत ही व्यवस्था दुसऱ्या कारणासाठीच बसवतात. ती वापरायची तर प्रत्येक कॉम्प्युटर पहिल्या दिवशी तुमचं नाव विचारतो. विंडोजवर काकांनी 'काका' लिहिलं, कारण ते उत्तर तयारच होतं. लिनक्सवर ते घाईत होते. यंत्र कुठे ठेवलंय असं विचारतायत असं वाटून त्यांनी 'तळघर' लिहिलं. आणि मॅकनं इतक्या गोड भाषेत विचारलं, की काकांच्या बोटांनी त्यांना न विचारता 'गुंड्या' लिहून टाकलं. ते त्यांचं घरचं नाव. त्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण, आणि तीही दूरच्या शहरात.

लिफ्टच्या कामात एक नियम कडक होता. ज्यानं बदल केला त्यानं तो मंजूर करायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. काकांकडे दुसरा माणूस नव्हता, पण दुसरा कॉम्प्युटर होता. लिनक्सवर बदल लिहायचा, लाथ मारायची, मॅकपाशी पोचून तो तपासायचा. यंत्रणेला वेगळं नाव दिसलं की ती खूश. काका या फसवणुकीतही प्रामाणिक होते. तपासण्याआधी ते बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचे आणि परक्याच्या नजरेनं बघायचे. गुंड्या तर भलताच खवट निघाला. "हे असं का लिहिलंय?" असा तो शेरा मारायचा. "घाईत होतो, बदलतो," असं तळघर उत्तर द्यायचा. पहिले काही महिने काकांना याचं हसू यायचं. मग येईनासं झालं, कारण गुंड्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

"एक माणूस द्या," हे मागणं काका चार वर्षं करत होते. हुशार नको, अनुभवी नको. 'दुसरा' एवढीच पात्रता. उत्तर ठरलेलं होतं: पुढच्या वर्षी बघू.

अशात एकदा मॅडमनी त्यांना वर बोलावलं. मॅडम सगळ्या विभागांच्या प्रमुख; काकांपेक्षा वयानं बऱ्याच लहान आणि आवाजानं बऱ्याच मोठ्या.

"काका, तुम्ही अजून त्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करता म्हणे?"

"हो. चालतं ते."

"चालतं हो, पण दिसत नाही ना! मला काहीतरी बघायला हवं. एक टूल निवडा सगळ्यांसाठी. बदलांचं चित्र काढून दाखवणारं. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालेल असं. कोणीही उघडलं तरी कळलं पाहिजे काय चाललंय."

"कोणीही म्हणजे?"

"म्हणजे मी."

"वर चाळीस जण आहेत की, मॅडम."

"विचारलं मी त्यांना. चाळीस टूल्स सांगितली, वर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. तुमच्याकडे भांडायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. काका उठता उठता थांबले. "माझ्या त्या माणसाचं…"

"तेच तर सांगतेय! चित्र दाखवा. तुमच्या कामाचा पसारा मला डोळ्यांनी दिसू दे. त्याच दिवशी सही करते."

काका खाली आले ते जिन्यानं, आणि चक्क गुणगुणत. लिफ्टवाल्यांना लिफ्टचा भरवसा कमी असतो.

मग त्यांनी टूल्स आणून बघायला सुरुवात केली. लग्नाळू मुलं बघावीत तसा प्रकार होता. एक टूल मॅकवर इतकं देखणं की काकांनी त्यासमोर शर्टाची कॉलर सारखी केली. पण ते विंडोजचं नावही ऐकून घ्यायला तयार नव्हतं. एक विंडोजवर इतकं गुणी, की उजव्या क्लिकमध्ये सगळा संसार. लिनक्सवर मात्र त्याचा पत्ताच नाही. लिनक्सवरचं एक फुकटचं टूल दिसायला ओबडधोबड, बटणं जुन्या रेडिओसारखी, पण काही म्हणजे काही लपवायचं नाही. आणि एक निळ्या रंगाचं होतं, ते तिन्हीकडे चालायचं. तिन्हीकडे सारखंच जेमतेम. लिनक्सवर त्याची अक्षरं खसखशीएवढी व्हायची, मॅकवर ते उघडायला इतका वेळ घ्यायचं की काकांचं पाणी पिऊन व्हायचं. सगळ्यांना चालेल असं जे असतं ते कोणालाच फारसं आवडत नाही, हे काकांना ऑफिसातल्या समित्यांवरून ठाऊक होतं. निळंच टूल निवडलं जाणार.

त्या निळ्या टूलमध्ये एक बटण होतं, 'माणसागणिक'. ते दाबलं की प्रत्येक माणसाची एक रेघ निघायची. काकांनी ते सहज दाबलं.

पडद्यावर तीन रेघा उमटल्या. निळी काकांची, नारिंगी तळघराची, जांभळी गुंड्याची. खालून वर येताना त्या एकमेकींना चिकटत होत्या, सुटत होत्या, पुन्हा भेटत होत्या. कुठे नारिंगी एकटीच लांब जायची आणि मग जांभळी तिला गाठून परत आणायची. प्रत्येक वळणावर एक वाटोळं, त्यात नावाचं पहिलं अक्षर. चार वर्षांचं काम. त्यात एकही दिवस असा नव्हता की कोणी कोणाला भेटलं नाही.

काका खुर्ची मागे सरकवून बराच वेळ बघत राहिले. ते नेमके कधी इतक्या माणसांत होते, हे त्यांना आठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीत ताईचाच फोन असायचा.

"जेवलास?"

"जेवतोय."

"कोणाबरोबर?"

हा प्रश्न ती रोज विचारायची आणि काका रोज "घास तोंडात आहे," म्हणून टाळायचे. आज नजर पडद्यावर होती. "आहेत की दोघं," ते म्हणून गेले.

"दोघं? अरे वा! मिळाला वाटतं माणूस! नावं काय त्यांची?"

काकांना खोटं बोलायचा सराव नव्हता. सराव नसलेला माणूस समोर दिसेल ते वाचतो. "एक तळघर. म्हणजे… खालीच बसतो ना, म्हणून सगळे तसंच म्हणतात. आणि एक गुंड्या."

पलीकडची सुयांची टिकटिक एकदम थांबली.

"ताई? हॅलो?"

"आहे, आहे. टाके मोजत होते." ताई सारखं काही ना काही विणत असायची. "खाली गार असेल ना रे? मफलर विणते सगळ्यांना. तळघराला कुठला रंग आवडतो?"

काकांनी पडद्याकडे बघितलं. "नारिंगी."

"गुंड्याला?"

"जांभळा. मला निळा."

"बरं." तिनं तिन्ही रंग पुन्हा एकदा म्हणून बघितले. "तो गुंड्या जेवतो ना रे वेळेवर?"

"जेवतो."

फोन ठेवल्यावर काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण जगात गुंड्या काय एकच असतो? ताईच्या लक्षात आलं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि थंड झालेला डबा संपवला.

टूल दाखवायच्या दिवशी चाळिसाच्या चाळीस जण हजर होते. भिंतभर पडद्यावर काकांनी निळं टूल उघडलं, तिन्हीकडे कसं चालतं ते सांगितलं, खसखशीची अक्षरं मोठी कशी करायची तेही सांगितलं. शेवटी पसारा दाखवायचा म्हणून 'माणसागणिक' दाबलं.

मॅडम पुढे वाकल्या. "अगंबाई! तुम्ही तिघं आहात?"

"मॅडम, ते…"

"आणि मी समजत होते काका बिचारे एकटे! बघा रे सगळ्यांनी. त्या नारिंगी आणि जांभळ्याचं किती छान जमतं! तुमच्यात जमतं का असं?"

चाळीस माना काकांकडे वळल्या. चौथ्या मजल्याच्या चेहऱ्यांवर त्यांच्याबद्दल प्रथमच कसलासा आदर दिसत होता. 'तो मीच आहे, आणि तोही मीच आहे,' हे वाक्य काकांच्या घशापर्यंत आलं, तिथून त्यानं बाहेरची गर्दी बघितली आणि ते परत फिरलं.

"म्हणजे माणसाचा प्रश्न मिटला," मॅडम म्हणाल्या. "टूल झकास. पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी काका मनुष्यबळ विभागात गेले. या विभागात एकच तरुण बसायचा. हे त्याच्याही लक्षात आलेलं नसावं.

"तळघर नावाचे कर्मचारी आमच्याकडे दिसत नाहीत, काका."

"कारण ते नाहीत."

"तेच म्हणतोय मी. रजा नाही, आजारपण नाही, चार वर्षांत एक तक्रार नाही. अशी माणसं मिळत नाहीत हो."

"अरे बाबा, मिळत नाहीत, कारण ती नाहीतच. तिघंही मीच आहे."

तरुणानं पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही स्वतःचं काम स्वतः मंजूर केलंत. नियम मोडलात."

"दुसरा माणूस दिला असता तर नसता मोडला."

"पण दुसरा कसा देणार? तिघं आहात ना?"

काकांनी छताकडे बघितलं.

"एक करा," तरुण समजुतीनं म्हणाला. "तुम्ही एकटे आहात याचा काहीतरी पुरावा आणा. मग बघू."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी सहज नजर फिरवली तर पुरावा ढिगानं पडला होता. ओट्यावर एक कप. दारात चपलांचा एकच जोड. जेवायच्या टेबलाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर आठवड्याचे धुतलेले कपडे, आणि त्यांची घडी अशी बसलेली की ते तिथेच राहायला आलेत असं वाटावं. पण यातलं काही ऑफिसच्या कामाचं नव्हतं.

ऑफिसच्या कामाचा पुरावा निळ्या टूलच्या मदतपानावर सापडला. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी दिसत असेल तर एक छोटी फाइल करायची: 'हा म्हणजे तो'. एवढंच लिहायचं. टूल ती वाचतं आणि सगळ्यांना एक करतं. हा घोळ जगात इतरांनीही घातला होता तर. काकांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

फाइल दोनच ओळींची. पण ती लिहायला त्यांनी दुपार घेतली. आधी पाणी पिऊन आले. मग तळघराचा एक जुना बदल उघडून वाचला. वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर हळूच उतरवायचा. चांगला होता. त्यावर गुंड्याचा शेरा होता: 'वा. याला काही बोलायचं नाही.' गुंड्यानं चार वर्षांत केलेली एवढी एकच स्तुती.

'तळघर म्हणजे काका.' 'गुंड्या म्हणजे काका.' काकांनी फाइल साठवली आणि बटण दाबलं. नारिंगी गेली, जांभळी गेली. पडद्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक निळी रेघ उभी राहिली, थर्मामीटरमधल्यासारखी. तिला कुठेही वळण नव्हतं. वळायला समोर कोणी नव्हतंच.

ती रेघ घेऊन ते मॅडमकडे गेले. सगळं नीट सांगितलं. मॅडमनी ऐकूनही घेतलं.

"म्हणजे हे सगळं तुम्ही एकट्यानं केलं?"

"हो, मॅडम."

"कमाल आहे! आणि किती स्वच्छ आहे हो. बघा, कुठे गुंता नाही, काही नाही. वरच्यांचं चित्र बघितलंत? शेवयांचं भांडं पालथं पडल्यासारखं दिसतं. तुमची कशी सरळ रेघ!"

"मग तो माणूस…"

"काका, इतकं सरळ चाललेलं असताना मध्ये माणूस कशाला घालताय?" मॅडमच्या आवाजात खरोखर काळजी होती. "उगाच गुंता होईल. आणि हो, ती दार लवकर बंद करायची मागणी आहे ना इमारतवाल्यांची, लिफ्ट फार रेंगाळते म्हणून? तेवढी आज पूर्ण करून टाका."

काका खाली आले. दार लवकर बंद करायचा बदल तसा किरकोळ होता; त्यांनी तो लिनक्सवर लिहिला, लाथ मारली, मॅकपाशी पोचले, मंजुरीचं बटण दाबलं. यंत्रणेनं नकार दिला. बदल करणारा आणि मंजूर करणारा एकच आहे, दुसऱ्या माणसाला बोलवा. दोन ओळींची ती फाइल यंत्रणेनंही वाचली होती.

त्यांनी लिनक्सवरचं ते फुकटचं, ओबडधोबड टूल उघडलं. त्याला असल्या फायली वाचता येत नव्हत्या. तिथे तिघंही जागच्या जागी होते, नारिंगी, जांभळी, निळी, अजून एकमेकांत गुंतलेली. काका त्यांच्याकडे बघत बसले. पण आता ती पूर्वीसारखी बघता येईना. फोटोतली माणसं हाक मारूनही वळत नाहीत, तसं झालं.

टेबलावर सकाळी आलेलं पार्सल तसंच पडलं होतं. काकांनी ते उघडलं. तीन मफलर. निळा, नारिंगी आणि जांभळा. प्रत्येकाच्या टोकाला गोंडे, एकालाही कमी नाहीत.

फोन वाजला.

"मिळाले का रे? आवडले का त्या दोघांना?"

काकांनी नारिंगी मफलर हातात धरला होता. "ताई, ते दोघं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नव्हतेच. मीच होतो. तिन्ही कॉम्प्युटरवर वेगवेगळी नावं…" पुढचं सांगायला ते शब्द शोधू लागले.

"अरे, गुंड्याला मी त्याला दात नव्हते तेव्हापासून ओळखते," ताई म्हणाली. "मला काय सांगतोस?"

"मग तीन कशाला विणलेस?"

"तू तिघं म्हणालास म्हणून. दोनच पाठवले असते तर विचारलं असतंस, तिसरा कुठाय." सुयांचा टिकटिक आवाज आला. "आता तिन्ही तूच घाल. आळीपाळीनं. आणि बोल, काय झालंय? आवाज असा का तुझा?"

"काही नाही. एक काम अडलंय. दुसरा माणूस तपासायला लागतो, आणि तो नाहीये."

"मग मला दाखव."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"सांगून तर बघ. मला कळलं नाही तर तुला नीट सांगता येत नाही असं समज."

काकांना हसू आलं. गुंड्याच्या शेऱ्यांची तऱ्हा कुठून आली होती ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी बदल वाचून दाखवला. दार आधी आठ सेकंद उघडं राहायचं, आता चारच राहील.

"चार?" सुया थांबल्या. "चार सेकंदांत माझी काठीसुद्धा आत जात नाही, गुंड्या. मी तर लांबच राहिले. आणि हातात पिशवी असली तर? कोणी लिहिलंय हे?"

"मीच."

"घाईत होतास?"

"घाईत होतो."

"मग बदल. दारात कोणी आलं तर आठ, नाही आलं तर कर तुझे चार. असं करता येत नाही का तुमच्या त्या यंत्राला?"

येत होतं. दारात कोणी आलं की ओळखणारा सेन्सरचा डोळा दारावर होता, तो नुसता दार आपटू नये म्हणून वापरात होता. चार वर्षांत हे ना तळघराला सुचलं होतं, ना गुंड्याला. काकांनी बदल दुरुस्त केला, पुन्हा वाचून दाखवला. ताईनं दोन ठिकाणी अडवलं, एका ठिकाणी उगाचच अडवलं, आणि मग म्हणाली, "हां. आता ठीक आहे."

मंजूर करणाऱ्याचं नाव विचारल्यावर काकांनी जरा विचार केला. वर मॅडमच्या पडद्यावर ते दिसणार होतं. प्रश्न येणार होता, मनुष्यबळ विभागातला तो तरुण पेन खाली ठेवणार होता. त्यांनी 'ताई' लिहिलं.

या वेळी यंत्रणेनं काही म्हटलं नाही. निळ्या रेघेशेजारी एक बारीकशी नवी रेघ उगवली, वळून तिला टेकली, आणि तिथे एक वाटोळं उमटलं, त्यात 'ता'.

"काय झालं? गप्प का?" ताईनं विचारलं.

"काही नाही. झालं काम."

टूलनं त्या नव्या रेघेला शेवाळी रंग दिला होता. शेवाळी रंग ताईला बघवत नसे. त्या रंगाची साडी तिनं एकदा दुकानात परत नेऊन दिली होती. काकांनी जांभळा मफलर गळ्याभोवती गुंडाळला, आणि रंगाचं तिला इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलं.